शिफारस वही

हैदराबाद
१८ जून २०२३

आदरणीय देवसिंगकाका,
सा. न.

मी पंजाबराव ढवस यांची मुलगी अर्पिता. लग्नाआधी हिवरटेंभीच्या तुमच्या वाचनालयातून पुस्तकं न्यायची, तुम्हाला आठवत असेन की नाही कोण जाणे. बाबांना विचारलं, देवसिंगकाकांचा नंबर आहे का, तर म्हणाले, "देवसिंग फोन उचलत नाई. पत्राले मात्र उत्तर देते." म्हणून पत्र.

फेब्रुवारीत आई गेली. बाबा आता त्या घरात एकटे असतात. इकडे या म्हटलं तर येत नाहीत. शेजारच्या भुरीबाई दोन वेळचा डबा देतात. दर रविवारी फोन करते, तर "बरं आहे" यापलीकडे बोलत नाहीत. मागच्या रविवारी मात्र सहज बोलून गेले की पेपरातली अक्षरं हलतात. जिनिंगमध्ये चौतीस वर्षं ग्रेडर होते. कापूस नुसता बघून आणि बोटांत ताणून धाग्याची लांबी सांगणारा माणूस. डोळ्यांबद्दल ते कुरकुर करतील हे मला खरंच वाटत नाही. तरी इथल्या डॉक्टरांकडे दिवाळीनंतरची तारीख घेऊन ठेवली आहे.

तोपर्यंत एक करा. त्यांना चांगली पुस्तकं सुचवा, आणि वाचून काय म्हणाले ते मला दोन ओळींत कळवा. ते काय वाचतात ते कळलं की ते कसे आहेत ते मला कळतं.

आपली,
अर्पिता


ग्रामविकास वाचनालय
मु. हिवरटेंभी, ता. मारेगाव, जि. यवतमाळ
जा. क्र. ३१
२ जुलै २०२३

सौ. अर्पिताताईंना देवसिंग राठोड याचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. आवक वहीत चढवलं. वाचनालयाला सरकारी सोडून दुसरं पत्र येऊन किती वर्षं झाली ते बघायला मागच्या तीन वह्या काढल्या, तर एका वहीला वाळवी लागलेली निघाली. पत्र आलं म्हणून ती दिसली, नाहीतर सगळं कपाट गेलं असतं. आता रात्रंदिवस वाळवीचीच काळजी आहे.

तुम्ही मला आठवता. तुम्ही पुस्तकाचं पान दुमडायच्या आणि मी ओरडायचो.

तुमचे वडील रोज चार वाजता येतात. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. तिथे दुसरा कोणी बसला तर ते उभे राहतात, बोलत काही नाहीत, मग तो माणूस आपोआप उठतो. परवा दारात जहीर मिस्त्रीच्या सायकलीला धडकले. जहीर म्हणाला, "काका, एवढी मोठी सायकल दिसली नाई का?" तर त्याच्यावरच उखडले, की सायकल ठेवायची ही जागा आहे का.

आमच्याकडे शिफारस वही असते. कोणाला कोणतं पुस्तक सुचवलं आणि वाचकाने काय शेरा दिला, हे तिच्यात लिहायचं. तपासणीला येणारे साहेब ती आधी मागतात. मी सातवी शिकलेला माणूस. तर माझी रीत अशी की पुस्तक परत करणाऱ्याला विचारायचं, कसं आहे, आणि तो सांगेल ते पुढच्याला सांगायचं. बाया, म्हातारे, पोरं, सगळ्यांना असंच सुचवतो. आजवर कोणी पुस्तक तोंडावर फेकलेलं नाही.

तुम्ही काळजी करू नका. काळजी करायला मी आहे.

देवसिंग राठोड


हैदराबाद
१४ जुलै २०२३

आदरणीय देवसिंगकाका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. पान मी अजूनही दुमडते.

पण सायकलीचं वाचून काळजी वाटली. मला फक्त एक खरं सांगा. बाबांना बारीक अक्षर दिसतं का? दिसत नसेल तर मी दिवाळीची वाट बघत नाही, लगेच येते. फोनवर ते कबूल करणार नाहीत, आणि भुरीबाईंना वाचता येत नाही, त्यांना काय कळणार? समोर बसून बघणारे तुम्हीच एक आहात.

अर्पिता


जा. क्र. ३४
६ ऑगस्ट २०२३

सौ. अर्पिताताईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पाऊस लागला आहे, छत गळतं, पुस्तकांवर ताडपत्री टाकून बसलो आहे. माझं ब्लडप्रेशरही वाढलं होतं.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर, दिसतं. बारीकही दिसतं.

पावसामुळे आता ते इथे बसत नाहीत, पुस्तक घरी नेतात. धरणात गेलेल्या एका गावाची मोठी कादंबरी आहे, तीनशे चाळीस पानांची, ती सुचवली होती. वाचून त्यांनी शेरा दिला तो असा: "माणसं दुसरीकडे गेली ते ठीक, पण मागे राहिलेल्या कुत्र्याला भाकर कोण देईल? लिहिणारा ते सांगायचंच विसरला."

हा शेरा वहीत चढवला आहे.

देवसिंग राठोड


हैदराबाद
२७ ऑगस्ट २०२३

आदरणीय देवसिंगकाका,

त्या कुत्र्याच्या वाक्याने मला रडवलं. लहानपणी मी एक पिल्लू आणलं होतं, तर बाबांनी ते त्याच संध्याकाळी पिशवीत घालून गावाबाहेर नेऊन सोडलं होतं. आणि आता हे! आई गेल्यावर माणूस आतून मऊ झाला म्हणायचा.

रविवारी फोनवर विचारलं, "बाबा, ती धरणाची कादंबरी वाचली म्हणे?" मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "हो. वाचली. देवसिंगनं देलती." मी म्हटलं, कुत्र्याचं तुम्ही फार छान बोललात. तर म्हणाले, "हाव."

आणखी सुचवा. कितीही जाड चालेल.

अर्पिता


जा. क्र. ४१
२४ सप्टेंबर २०२३

सौ. अर्पिताताईंना नमस्कार.

तुमच्या पत्रातला तो मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. ते खरंच "हो, वाचली" म्हणाले का? नेमके कसे म्हणाले? रागाने म्हणाले का? मला उगीच काळजी लागून राहते. त्यांनी तसं म्हटलं हा त्यांचा मोठेपणा आहे, एवढंच मी लिहितो.

तपासणी होऊन गेली. साहेबांनी शिफारस वही उघडली, तर नेमका तुमच्या वडिलांचा शेरा समोर आला. साहेब म्हणाले, "असा वाचक तालुक्यात दुसरा नसेल." वाचनालयाच्या अध्यक्षांनी तुमचं मागचं पत्र मागून घेतलं आणि काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावलं. मी नको म्हणत होतो. आता ते रोज माझ्या डोक्यावर असतं.

या महिन्यातला शेरा. एका बाईच्या आयुष्याची कादंबरी होती, दोन भागांत. "मुलगी आईला खोटं सांगत होती. आईला सगळं माहीत होतं. आईला नेहमीच माहीत असतं, ती फक्त गप्प बसते."

देवसिंग राठोड


हैदराबाद
२२ ऑक्टोबर २०२३

आदरणीय देवसिंगकाका,

तुमचं शेवटचं पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरते आहे. त्या दोन भागांच्या कादंबरीचं बाबांशीही फोनवर बोलले. आई तशीच होती. बाबांनी ते कधी पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

दिवाळीत माझं येणं होत नाही. बँकेत दोन माणसं कमी झाली, रजा नामंजूर. बाबांना एकट्याने बोलावणं हाच एक मार्ग होता, तर ते म्हणाले, "मी दोन-दोन भागांच्या कादंबऱ्या वाचून राह्यलो, अन् तू मले डोळ्याच्या डॉक्टरकडे कायले नेतं?" तुमची पत्रं समोर होतीच. सोळा नोव्हेंबरची तारीख रद्द केली. फेब्रुवारीत आईच्या वर्षश्राद्धाला येईन तेव्हा तुम्हाला भेटते. तुमच्यासाठी इथून पेढे आणू का? साखर नाही ना तुम्हाला?

तुमच्यावर विसंबून आहे, काका.

अर्पिता


हैदराबाद
३ मार्च २०२४

देवसिंग राठोड,

पंचवीस फेब्रुवारीला मी गावी पोचले. बाबा दारात उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले, तर त्यांनी विचारलं, "कोण हाय?"

अंगणात चुलीपासून न्हाणीपर्यंत सुतळी बांधलेली होती. ती धरून ते ये-जा करतात. भुरीबाई म्हणाल्या, "मले वाटलं कपडे वाळू घालाची दोरी हाय, बाई. मीच त्याच्यावर लुगडं टाको."

बाबांना सोबत घेऊन आले. इथल्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. डावा डोळा कधीचाच गेला होता. उजव्याने आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधाच्या थेंबांनी राखता येते. नोव्हेंबरात आणलं असतं तर उजवा डोळा राहिला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी नोव्हेंबर हाच महिना सांगितला.

निघायच्या दिवशी मी वाचनालयात आले होते. दाराला आतून कडी होती. खिडकीतून कपाटामागे तुमची टोपी दिसत होती. मी तीन वेळा हाक मारली.

मी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता.

अर्पिता ढवस


१० मार्च २०२४

अर्पिताताई,

या पत्राला जावक क्रमांक टाकलेला नाही. हे वाचनालयाचं पत्र नाही, माझं आहे.

टोपी माझीच होती. तुमच्या तिन्ही हाका मी ऐकल्या. तिसऱ्या हाकेला पाय उचलला होता, पण दारापर्यंत गेला नाही. मी पहिल्यापासूनच भित्रा आहे. माझी याडी, म्हणजे आई, म्हणायची, देवसिंगला सावलीनेही धमकावलं तर तो माफी मागेल. तुमची मात्र मी माफी मागू शकत नाही, कारण ती मागायला तोंड लागतं.

झालं ते असं. तुमचं बारीक अक्षराबद्दलचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. पंजाबराव पेपर धरून बसले होते. मी मुद्दाम पाहत राहिलो. अर्धा तास त्यांनी पान उलटलं नाही. त्यांना वाचता येत नाही हे मला त्याच दिवशी कळलं. म्हणजे तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. ते मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पण मला वाटलं, आधी आपण काही करून पाहावं. मी मुलांच्या कपाटातून मोठ्या अक्षरांचं एक पुस्तक काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. एका कुंभाराचं गाढव हरवतं, तो शोधत सात गावं फिरतो, अशी गोष्ट. बत्तीस पानं, हातभर चित्रं. मी म्हटलं, "हे घेऊन पाहा, भाऊ." तिथे जहीर होता, पोस्टातला एक जण होता, शाळेतल्या चार मुली होत्या. जहीर बोलून गेला, "काका, आता अंकलिपी घ्या, मंग पहिलीत नाव टाकू!" सगळे हसले. जहीरच्या मनात वाईट नव्हतं, तो सगळ्यांशी तसाच बोलतो.

पंजाबरावांनी पुस्तक उघडलं. बराच वेळ ते पहिल्या पानाकडे बघत राहिले. मग मिटून टेबलावर ठेवलं आणि गेले. त्यानंतर ते कधीच आले नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत आजही कोणी बसत नाही.

मला वाटलं, मी एवढ्या मोठ्या माणसाचा चारचौघांत अपमान केला. त्यांचं घर वाचनालयापासून तीनशे पावलांवर आहे. मी सात महिन्यांत एकदाही गेलो नाही. बाजाराला जाताना मारुतीच्या देवळामागून फेरा घालून जायचो. तुम्हाला खरं लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, ते वाचनालयात यायचे का थांबले. मग हे निघालं असतं. अध्यक्षांच्या कानावर गेलं असतं. या वयात मला दुसरं कोण कामावर ठेवणार, असंही मनात आलं. हे कारण लिहिताना लाज वाटते, पण तेही होतं.

शेरे आरिफाचे होते. आरिफा म्हणजे जहीरची मुलगी, चौथीत आहे. ती गोष्टीची पुस्तकं नेते आणि परत करताना तोंड भरून सांगते. कुत्र्याचं वाक्य तिचं. आईचंही तिचंच. मी ते मोठ्या कादंबऱ्यांच्या नावापुढे लिहिले. मला वाटलं, एक-दोन पत्रं जातील आणि तुम्ही दिवाळीत येऊन स्वतःच पाहाल. पण तुमच्या वडिलांनी फोनवर "वाचली" म्हटलं. मी समजलो, त्यांनी मला माफ केलं. आपल्या मुलीजवळ मला उघडं पाडायचं नाही म्हणून ते हो म्हणाले. त्या आनंदात मी पुढचं पत्र लिहिलं. तुम्ही तारीख रद्द केल्याचं कळवलं तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. डिसेंबरात एक पत्र लिहिलं, "ताई, लवकर या", एवढंच. ते टपालपेटीपर्यंत नेलं. खिशात ठेवून परत आणलं. ते सोबत जोडतो. त्याच्यावरची तारीख पाहा, म्हणजे मी किती दिवस आधी बोलू शकत होतो ते तुम्हाला कळेल.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी कोणालाही सांगितलेली नाही.

ते कुंभाराचं पुस्तक मी लहान मुलाचं म्हणून तुमच्या वडिलांना दिलं नव्हतं. या वाचनालयात चार हजारांवर पुस्तकं आहेत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी स्वतः वाचलेलं तेवढं एकच आहे. बाकीच्या पुस्तकांत दहाव्या पानावर माझा जीव घाबरा होतो, मागचं विसरतो. एकोणतीस वर्षं मी लोकांना ऐकीव पुस्तकं सुचवली. ते एकच माझ्या पदरचं होतं. मला वाटलं, या माणसाला आपण आपलं द्यावं. त्या वेळी हे सांगितलं असतं तर लोक त्यांना हसण्याऐवजी मला हसले असते. ते मला जमलं नाही.

ते पुस्तक याच टपालाने पाठवतो आहे. तुम्ही त्यांना वाचून दाखवा, असं म्हणायचा मला अधिकार नाही. तरी पाठवतो.

देवसिंग


हैदराबाद
१२ मे २०२४

देवसिंगकाका,

दोन महिने तुमचं पत्र फ्रीजवर पडून होतं. पुस्तकाचं पाकीट मी फोडलंही नव्हतं. बाबांनीच एक दिवस चाचपून विचारलं, हे काय. मी सांगितलं. तुमचं सगळं पत्र वाचून दाखवलं, एक ओळही गाळली नाही. गाळावीशी वाटली तरी.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवसिंगले लिही. त्यानं अपमान नाई केला. जहीरनंही नाई. मोठे अक्षर म्हणून मी पुस्तक उघडलं. तेही दिसले नाई. नुसता पांढरा कागद. तवा मले समजलं, का आता संपलं. लोकाईनं पाहू नये म्हणून उठलो."

मी विचारलं, मग फोनवर वाचली का म्हणालात? तर म्हणाले, "मले वाटलं, देवसिंगले समजलं हाय, अन् तो माह्यावर पांघरूण घालून राह्यला. मीही मंग धरून ठेवलं."

तुम्हाला वाटलं ते तुम्हाला झाकत आहेत. त्यांना वाटलं तुम्ही त्यांना झाकत आहात. तीनशे पावलं होती, काका. दोघांपैकी एकाने ती चालायची होती.

बाबांवर चिडून झालं. तुमच्यावर चिडून झालेलं नाही, होईल असं वाटतही नाही. त्या प्रश्नाचं एका शब्दाचं उत्तर तुम्हाला माहीत होतं.

पुस्तक मी वाचून दाखवायला घेतलं. दुसऱ्या पानावर बाबांनी हात वर केला. म्हणाले, "बस. ज्यानं देलं त्याच्यासमोर वाचायचं होतं ते. आता कशाले." दिवसभर ते गच्चीच्या दारात उजेडाकडे तोंड करून बसतात. परवा उशी उसवून आतला कापूस बोटांत ताणत होते. मला म्हणाले, "आखूड धागा. फसवलं तुले दुकानदारानं." बोटं अजून शाबूत आहेत.

पुस्तक परत पाठवते आहे. पान दुमडलेलं नाही. यापुढे पत्र लिहू नका. हे पोचल्याचं तेवढं कळवा, कारण पुस्तक वाचनालयाचं आहे.

अर्पिता


ग्रामविकास वाचनालय, हिवरटेंभी
जा. क्र. १९
२६ मे २०२४

सौ. अर्पिता ढवस यांना,

पुस्तक पोचलं. चांगल्या स्थितीत आहे.

तुमचं चौकटीतलं पत्र मी भिंतीवरून काढलं. अध्यक्षांनी विचारलं, काहून काढलं? मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं, वहीले हात लावू नको, पुढच्या तपासणीले लागते." मी त्यांच्यासमोरच वही उघडून तुमच्या वडिलांच्या नावापुढचे शेरे लाल शाईने खोडले आणि खाली सही केली. मला काढतील की ठेवतील ते अजून माहीत नाही.

आमच्या एक जुन्या वाचक रुखमाबाई पंधरा दिवस पुस्तक बदलायला आल्या नाहीत म्हणून परवा त्यांच्या घरी गेलो. त्या लेकीकडे राळेगावला गेल्या होत्या, नुकत्याच परतल्या होत्या. मला दारात बघून म्हणाल्या, "पुस्तकासाठी घरी येतं का रे? एवढी का घाई सुटली तुले?" मी म्हटलं, पुस्तकासाठी नाही. पाणी पिऊन परत आलो.

तुम्ही लिहू नका म्हटलं आहे, म्हणून हे शेवटचं. पोच म्हणून वहीतली नोंद उतरवून देतो.

दिनांक २५ मे. वाचक, पंजाबराव ढवस. पुस्तक, कुंभाराची गोष्ट, मुलांचा विभाग. सुचवणारा, देवसिंग राठोड. शेरा, न वाचता परत.